मूनड्रॉप चू 2 : तबलेवालीच्या कानाने

मूनड्रॉप चू 2 हे तारेचे इअरफोन कानात घातले आणि सगळ्यात आधी डग्गा ऐकला, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, खालच्या आवाजाचा. दोन हजारांच्या आतल्या इअरफोनमध्ये डग्ग्याचे कसे हाल होतात ते मला चांगलं ठाऊक आहे. एक तर तो गायबच असतो, ‘गे’ हा त्याचा घुमणारा बोल वाजला तरी कानात नुसती टिचकी पडते. नाहीतर विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेसारखा सगळ्या गाण्याखाली धडधडत राहतो आणि गायिका बिचारी कुठेतरी मागे. चू 2 मध्ये डग्गा जेवढा वाजवलाय तेवढाच ऐकू येतो. मनगट पुढे सरकवून काढलेली मींड, म्हणजे स्वराची घसरण, चढताना कळते, घुमक विरताना कळते, आणि ती विरेपर्यंत पुढचं ‘तिरकिट’ तिच्याखाली दबत नाही.

एवढ्यावरच मी हे इअरफोन ठेवून घ्यायचं ठरवलं. बाकीचं सांगतेच, पण माझे कान कसले ते आधी कळलेलं बरं. दिवसा मी चर्चगेटजवळ एका कचेरीत हिशेब बघते आणि संध्याकाळी विलेपार्ल्यात गाण्याच्या क्लासला तबल्याची साथ करते. क्लासच्या मुलांना घरी रियाजाला ट्रॅक लागतात, तेही मीच घरी रेकॉर्ड करते. त्यामुळे गिटार कशी वाजते, गेममध्ये पावलांचे आवाज कुठून येतात, यातलं काही इथे मिळणार नाही. मला तंबोरा, तबला, पेटी आणि माणसाचा गळा एवढंच ऐकायचं होतं, आणि रेकॉर्डिंगला उपयोगी पडेल असं काहीतरी हवं होतं.

वस्तू काय आहे ते पटकन. मूनड्रॉप ही चीनमधल्या चंगडू शहरातली कंपनी. चू 2 हे त्यांचं 2023 चं मॉडेल. काळ्या धातूचं छोटं कवच, त्यावर सोनेरी नक्षी. आत दहा मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे इवलासा स्पीकर, त्याचा पडदा ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) 18 ओहम, सेन्सिटिव्हिटी (थोड्या विजेवर किती मोठा आवाज निघतो ते) 119 डेसिबल, म्हणजे साध्या फोनलाही वाजवायला अजिबात जड नाहीत. केबल काढता येते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं. याआधीच्या चूची केबल जोडूनच यायची. पुढची नळीही पिळून काढता येते, म्हणजे कानातला मळ जाळीत अडकला तर टाचणीने कोरत बसायला नको. खोक्यावर मोठ्या डोळ्यांच्या जपानी कार्टून मुलीचं चित्र आहे. ते खोकं भाचीने लगेच मागून घेतलं, त्यामुळे आता परत करायचा प्रश्नच उरला नाही.

घेतले ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून. ऑनलाइन मिळतात हे मलाही माहीत आहे, पण ग्रँट रोड माझ्या वाटेवर आहे आणि कानात घालायची वस्तू मी बघितल्याशिवाय घेत नाही. दुकानदाराने आधी तीन वेळा ब्लूटूथचेच खोके पुढे केले.

“ताई, वायरवाला कोण घेतं आता? हे बघा, नॉइज कॅन्सलेशन आहे, चार्जिंग पण दहा मिनिटांत.”

“रेकॉर्डिंगला पाहिजेत.”

“मग तसं बोला ना पहिलं,” म्हणत त्याने खालच्या कप्प्यातून हे काढले. डेमोचा पीस वेगळा होता. दुसऱ्यांच्या कानात जाऊन आलेले रबर काढून मी माझ्या पर्समधले लावले, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. अर्थात त्या रस्त्यावर बसचे हॉर्न आणि हातगाड्यांच्या खडखडाटात काय डोंबल ऐकू येणार? दोन्ही बाजू वाजतात, बास कुठे अंगावर येत नाही, एवढं बघितलं आणि पैसे दिले. निघताना त्याने सांगितलं, “पन्नास तास वाजवत ठेवा, मग खरा आवाज उघडेल.” यावर माझा फारसा विश्वास नाही. चामडं तापतं, ताणतं, उतरतं हे मी रोज बघते. धातूच्या इवल्याशा पडद्याचं तसंच होत असेल तर होवो, पण माझ्या अनुभवात वस्तूपेक्षा कानच आधी बदलतो. पहिल्या संध्याकाळी जे जास्त चकचकीत वाटतं, ते पुढे नेहमीचं वाटायला लागतं. म्हणून मी इथे मुद्दाम पहिल्या काही दिवसांतलंच लिहितेय, सवय होण्याआधीचं.

आता कानात बसण्याचा विषय. यावर सगळे एक ओळ लिहून पुढे जातात, आणि खरं तर अर्धा आवाज इथेच ठरतो. रबराची टीप कानाच्या नळीत घट्ट बसली नाही तर खालचे स्वर सरळ बाहेर निघून जातात. सोबत लहान, मध्यम, मोठ्या अशा टिपा येतात. माझ्या डाव्या कानाला मध्यम लागते, उजव्याला मोठी. पहिल्यांदा दोन्हीकडे मध्यम लावल्या तर उजव्या कानात डग्गाच नव्हता, नुसता चाटीचा, म्हणजे तबल्याच्या किनारीचा, टणटणाट. बरेच लोक याच पायरीवर ‘बास नाही’ म्हणून वस्तू नापास करतात. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, टीप आत सरकवायची, मग पाळी सोडायची. बाहेरचा आवाज एकदम खाली गेला की समजायचं, बसलं.

तार कानावरून मागे वळवून घ्यायची असते. चष्मा असलेल्यांनी आधी तार, मग चष्मा. उलट केलं की चष्मा काढताना सगळंच हातात येतं. आणि बायकांसाठी एक गोष्ट जी कुठल्याही परीक्षणात सापडत नाही: मंगळसूत्र. तार छातीवर येते तिथेच मंगळसूत्राचे मणी, त्यात ओढणी. चालताना तिन्ही एकमेकांना घासतात आणि तो खरखराट थेट कानात पोचतो. कानावरून वळवल्यामुळे तो बराच कमी होतो, पण जात नाही. मी तार पाठीमागून, वेणीखालून सोडायला लागले, तेव्हा शांत झालं. झुमके घातले असतील तर मात्र नादच सोडा. छोट्या कुड्या चालतात.

घरी बसून ऐकताना पहिली परीक्षा तंबोऱ्याची. क्लासमधला आमचा पंचमाचा तंबोरा मी एकदा चांगल्या मायक्रोफोनवर रेकॉर्ड करून ठेवलाय, नुसता तंबोरा, गाणं नाही. जवारी (घोडीवर तार टेकते तिथली जुळणी) नीट लागलेली असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, तारेतून एक स्वर आपोआप वर येतो, कुणीही न छेडलेला: स्वयंभू गंधार. तो खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप निघणाऱ्या वरच्या स्वरांतला एक. वाईट इअरफोनमध्ये तंबोरा म्हणजे नुसता झुंईई असा आवाज होतो, त्यात गंधार शोधावा लागतो. इथे शोधावा लागला नाही. खर्ज छेडल्यानंतर जराशाने तो वर येतो आणि पुढची तार वाजेपर्यंत टिकतो. या किमतीत मी याची अपेक्षा केली नव्हती.

मग तबला. ‘ना’ आणि ‘ता’ वेगळे ऐकू यायला पाहिजेत, ‘तिं’ लवेवर (किनार आणि शाई यांच्या मधल्या चामड्यावर) पडलाय की शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या थराच्या, काठाला लागलाय ते कळायला पाहिजे. हा सगळा उपस्वरांचा खेळ आहे. साध्या ढोलाच्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोल स्वरात लावता येत नाही. तबल्यावर मधोमध शाईचा थर असतो, त्याच्या वजनामुळे ते उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच ‘नेचर’ नियतकालिकात यावर लिहिलं होतं. मुद्दा असा की वरचे उपस्वर जर इअरफोनने कमीजास्त केले, तर काळी चारचा टिपेचा तबला आणि सफेद एकचा ढाला, म्हणजे खालच्या स्वराचा, तबला यांतला पोताचा फरक पुसला जातो. चू 2 वरच्या पट्टीत थोडा उजळ आहे. चाटीवरचा ‘ना’ प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त चमकतो. माझ्यासाठी ते चांगलंच, कारण बोट चाटीवर नेमकं कुठे पडलं ते ऐकू येतं. पण कुणाला मऊ, गोल आवाज आवडत असेल तर त्याला हे जरा टोकदार वाटेल.

टिपेला जाणारी गायिका आणि मागे मोठ्याने वाजणारी पेटी असं रेकॉर्डिंग असेल तिथे हा उजळपणा जाणवतो. पेटीचे सूर गायिकेच्या स्वराला येऊन चिकटतात आणि दोघांच्या मिळून कडा निघतात. आवाज दोन घर खाली केला की बरं वाटतं. पुरुषाच्या आवाजाला, विशेषतः खर्जातल्या आलापाला, हे इअरफोन फार छान आहेत. श्वास कुठे घेतला, ‘म’वर ओठ कधी मिटले, सगळं ऐकू येतं.

जुनी ध्वनिमुद्रणं? मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली घराणेदार गाणी मी पुष्कळ ऐकते. 1925 मध्ये विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, त्याआधी गवयी भोंग्यात तोंड घालून गायचा, मायक्रोफोन नव्हताच. त्या तबकड्यांत खालचेही स्वर नाहीत आणि वरचेही नाहीत, जे आहे ते मधे. अशा गाण्याला स्वच्छ इअरफोन लावला की आधी खरखर जास्त स्वच्छ ऐकू येते. ती सोडून द्यायला कानाला थोडा वेळ लागतो. मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, असल्यामुळे सगळं डोक्याच्या बरोबर मधोमध बसतं, गवयी आणि सारंगीवाला एकाच खुर्चीवर. हा दोष कुठल्याच इअरफोनचा नाही, पण असं गाणं मी पुन्हा खोलीतल्या स्पीकरवरच लावायला लागले.

आता लोकल. पार्ल्याहून सकाळची स्लो गाडी, लेडीज डबा, दारातून येणारा वारा, क्लिपा-कानातले विकणारी, ‘पुढील स्टेशन’ची घोषणा. टिपा नीट बसल्या असतील तर बोलणं, पंखे, विक्रेते बरेच खाली जातात. चाकांचा घरघराट मात्र जात नाही, कारण रबराने वरचे आवाज अडतात, खालचे नाही. नॉइज कॅन्सलेशनवाल्या इअरफोनचं नेमकं उलट असतं, घरघराट ते छान खातात. परिणाम असा की घरी ज्या डग्ग्याचं मी इतकं कौतुक केलं तो माहीमपर्यंत अर्धा गाडीच्या खाली जातो. आवाज वाढवून तो परत येतो, पण वाढवू नका. आठवड्याला 40 तास ऐकायचं तर सरासरी 80 डेसिबलच्या पुढे जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि गाडीत फोनची पट्टी कधी टोकाला गेली ते कळतही नाही. गाडीत मी आता द्रुत गत वगैरे ऐकतच नाही, आलाप ऐकते. आणि प्लॅटफॉर्मवर उतरताना एक कान मोकळा.

पण हे इअरफोन मी घेतले ते गाडीसाठी नाही. रेकॉर्डिंगसाठी घेतले, आणि तिथेच त्यांनी पैसे वसूल केले. पेटीवाले काका लेहरा (तबल्याला ताल धरून देणारी, फिरून फिरून येणारी धून) किंवा बंदिशीची पेटी वाजवून फाइल पाठवतात. मी ती लॅपटॉपवर लावून कानात ऐकत तबला वाजवते, तो दुसऱ्या ट्रॅकवर जातो. ब्लूटूथवर हे जमत नाही. कानात पोचेपर्यंत आवाज साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे पडतो. नुसता लेहऱ्यावर रियाज करायचा असेल तर याने काही बिघडत नाही, कारण आपण जे ऐकतो त्याच्याबरोबर वाजवतो. पण रेकॉर्ड करताना मी उशिरा ऐकलेल्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘धा’ मारणार आणि लॅपटॉप तो मूळ पेटीच्या शेजारी नोंदवणार. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे 250 मिलिसेकंदांची. सम जवळजवळ एक मात्रा सरकली! नंतर ट्रॅक ओढून जुळवता येतो हे खरं, पण ब्लूटूथचा उशीर दर वेळी तेवढाच नसतो, त्यामुळे दर वेळी नव्याने ओढा. तारेवर ही भानगडच नाही. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उशिराचं सेटिंग एकदा मोजून लावलं की पुढे बघायला लागत नाही. ऑडिओ इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडायच्या डबीला) मोठं भोक असतं, त्यासाठी 6.35 मिलिमीटरची कन्व्हर्टर पिन तेवढी वेगळी घ्यावी लागते.

दुसरा फायदा गळतीचा. पूर्वी मी फोनबरोबर मिळालेले, कानाच्या बाहेर लटकणारे साधे इअरफोन वापरायचे. त्यातून पेटी बाहेर पडायची आणि तबल्याच्या मायक्रोफोनमध्ये जायची. विलंबित एकतालात मात्रांच्या मधल्या शांततेत बारीक चिरकी पेटी ऐकू यायची, ती मग कशानेही निघत नसे. चू 2 मधून काहीच बाहेर येत नाही.

मात्र याच बंदिस्तपणाची दुसरी बाजूही आहे. कान बंद झाल्यावर आपलाच तबला लांबून ऐकू येतो आणि हात नकळत जड पडायला लागतो. पहिल्या ट्रॅकमध्ये माझा ‘धिरधिर’ मलाच ओळखू येईना, इतका ठोकलेला. उपाय म्हणजे इंटरफेसमधून आपलाच तबला थोडा कानात घ्यायचा. आणि पढंत करायची, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे, असेल तर इअरफोन काढून ठेवायचे. कान बंद असताना ‘धा तिरकिट धा’ मोठ्याने म्हणून बघा, आवाज कवटीच्या आतून येतो, बोल कुठे संपला ते कळत नाही. विमानांचं मात्र यांच्याकडे औषध नाही. विमानतळाशेजारी पार्ले पूर्वेला राहायचं म्हणजे चांगला टेक नेहमी विमानाखालीच जायचा.

फोनला जुनं गोल भोक नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर लागेल, आणि तिथे फसू नका. दोन प्रकार मिळतात, दिसायला सारखेच. एकात डीएसी असतो, म्हणजे डिजिटलचा ॲनालॉग करणारी चिप. दुसऱ्यात नुसत्या तारा, तो फोन स्वतः ॲनालॉग आवाज बाहेर देत असेल तरच चालतो, आणि आजकालचे बरेच फोन देत नाहीत. स्टेशनबाहेरच्या टेबलावरून घेतलेला माझा पहिला अडॅप्टर ढिम्म वाजला नाही, तो हा दुसरा प्रकार. घेताना ‘आत डीएसी आहे का’ एवढंच विचारा. विकणारा गोंधळला तर पुढच्या दुकानात जा. चू 2 इतका हलका वाजतो की महागडा अडॅप्टर लागत नाही. उलट सेन्सिटिव्हिटी जास्त असल्याने खराब अडॅप्टरची सूंऽऽ शांत आलापात लगेच ऐकू येते.

केबल बदलायची वेळ आली तर 0.78 मिलिमीटरच्या दोन पिनांची मागा. बसवताना दोन्ही बाजू एकाच दिशेने बसल्यात ना ते बघा. एका बाजूच्या पिना उलट बसल्या तर फेज उलटते, म्हणजे दोन बाजूंचे पडदे एकमेकांच्या उलट हलतात, डग्गा पातळ होतो आणि गायिका मधून निघून दोन्ही बाजूंना पसरते. इअरफोन बिघडले असं वाटतं, बिघडलेलं काही नसतं.

माइक असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकार मिळतात. मी बिनमाइकचे घेतले, फोनवर बोलायला मला वेगळं काही नको. पेटीवाल्या काकांनी माझे कानात घालून बघितले, बराच वेळ काढेनात, मग म्हणाले, “मला पण आण.” त्यांचा दिवस फोनवर बोलण्यात जातो, त्यामुळे त्यांच्यासाठी माइकवाले. कान लहान आहेत त्यांचे, माझ्या पुडीतल्या लहान टिपा तशाच पडून आहेत, त्या लावून देईन.